आधी कारण सांगा : एका चळवळीचा जाहीरनामा

तापाच्या गोळ्यांची पट्टी घ्यायला गेलं तरी हल्ली मोबाइल नंबर सांगावा लागतो. चपला घेतल्या, नंबर. पोराच्या वाढदिवसाचा केक सांगितला, तर नंबर आणि वर पोराची जन्मतारीख. मोठ्या दुकानांत काउंटरवरची मुलगी वस्तूला हात लावण्याआधी नंबर विचारते, कारण तिच्या स्क्रीनवर पहिला रकाना तोच असतो. आपण दहा आकडे मोठ्याने म्हणतो. ती ते पुन्हा मोठ्याने म्हणून खात्री करून घेते, रांगेतल्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. पुढे प्लॉट, विमा, वैयक्तिक कर्ज यांचे फोन सुरू झाले की आपण घरात एकमेकांना विचारतो, यांना आपला नंबर दिला कोणी? दिला आपणच, आणि का मागता हे विचारलं नाही.

आमची चळवळ याच काउंटरपासून सुरू होते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: माझी माहिती हवी असेल तर आधी कारण सांगा. कारण पटलं तर देईन, नाही पटलं तर देणार नाही, आणि दिली नाही म्हणून माझं काम अडवायचं नाही.

एवढ्यासाठी चळवळ कशाला, ज्याला नको त्याने नंबर देऊ नये, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा गर्दीच्या वेळी नकार देऊन पाहावा. मागचा माणूस घड्याळ बघतो, काउंटरवरची मुलगी गोंधळून मॅनेजरला हाक मारते, बरोबरचं माणूस दंडाला धरून म्हणतं, जाऊ दे ना, कशाला वाद. एकट्याने विचारणारा भांडखोर ठरतो. तोच प्रश्न दिवसभरात पन्नास गिऱ्हाइकांनी विचारला, तर मॅनेजर स्वतःच सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून तो रकाना ऐच्छिक करून घेईल. नकाराचा भार एकेकट्याने उचलायचा की वाटून घ्यायचा, एवढाच प्रश्न आहे. तो वाटून घेण्यासाठी आम्ही एकत्र येत आहोत.

कायद्याचं पाठबळही आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं, की नंबर दिल्याशिवाय बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनांना तशी सूचनाही गेली. दुकानांत फारसा फरक पडला नाही, कारण गिऱ्हाइकाला ते माहीत नाही आणि दुकानदाराला कोणी आठवण करून देत नाही.

आता सोसायटीच्या गेटवर या. टेबलावर लांबोडकं रजिस्टर, सुतळीला बांधलेलं पेन. नाव, मोबाइल, कुठून आलात, कोणाकडे, गाडी नंबर, वेळ, सही. लिहिताना वरच्या वीस ओळी आपल्या डोळ्यांसमोर असतात: कोणती बाई कितव्या मजल्यावर कोणाकडे किती वाजता गेली, तिचा नंबर काय. आपल्यानंतर येणारा आपली ओळ तशीच वाचणार. भरलेलं रजिस्टर पुढे कुठे जातं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. बहुतेक ठिकाणी ते वॉचमनच्या केबिनमध्ये पडून असतं आणि मग रद्दीत जातं. काही ठिकाणी रजिस्टर जाऊन ॲप आलं. तिथे पाहुण्याचा फोटो काढतात. तो कोणाच्या सर्व्हरवर, किती वर्षं राहणार, हे ना वॉचमनला माहीत ना कमिटीला.

त्याच ॲपमध्ये घरकाम करणाऱ्या ताईंची नोंद असते. किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, आणखी कोणाकडे काम करतात, कोणी किती तारे दिले. आत राहणाऱ्यांपैकी एकाचाही येण्याजाण्याचा हिशेब असा सगळ्यांसमोर मांडलेला नसतो. पाळत नेहमी आधी गरिबावर येते, आणि ती रुळली की मग सगळ्यांपर्यंत पोहोचते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली आणि ती हजेरीशी जोडली. झाडू मारणारी बाई नेमून दिलेल्या हद्दीतून कधी बाहेर गेली, हे नकाशावर दिसू लागलं. ती लघवीला गेली होती की चहाला, हे मात्र तिलाच साहेबांपुढे जाऊन सांगायचं. ही घड्याळं आधी अधिकाऱ्यांच्या हातात का बांधली नाहीत, हा प्रश्न आमच्या जाहीरनाम्यात राहणार आहे. खासगीपणा ही फ्लॅटवाल्यांची चैन आहे असं मानणाऱ्या चळवळीत आम्हाला रस नाही.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो अनुभव सगळ्यांचा आहे. लॉजमध्ये खोली, भाडेकरार, मुलाचा शाळाप्रवेश, प्रत्येक ठिकाणी आधारची झेरॉक्स. मशीनमधून वाकडी निघालेली प्रत तिथल्याच खोक्यात पडते. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सूचना काढली, की आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा. लोक विचारू लागले, मग इतकी वर्षं दिल्या त्या प्रतींचं काय? दोनच दिवसांत, गैरसमज होईल असं कारण देऊन, सूचना मागे घेतली गेली. मास्क्ड आधार मात्र आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळतं. ते वापरा. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कोणाला दिली, कशासाठी, कोणत्या तारखेला.

खरी जखम फोनच्या आत आहे. झटपट कर्ज देणारी ॲपं लोकांनी उतरवून घेतली. दहा हजार हवेत, कागद नकोत, पाच मिनिटांत खात्यात. ॲपने विचारलं, कॉन्टॅक्ट पाहू का? अलाऊ. फोटो पाहू का? अलाऊ. गरज पैशाची होती, वाचायला वेळ कोणाला होता? हप्ता थकल्यावर फोन कर्जदाराला आले नाहीत. ते मामाला आले, साहेबांना आले, ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं तिच्या वडिलांना आले. गॅलरीतला फोटो विकृत करून सगळ्या नातेवाइकांना पाठवला गेला. देशभरात अशा छळातून लोकांनी जीव दिले. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम काढले, की कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल आणि फोटो यांना हातच लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हेही फक्त ओळख पटवण्यापुरतं, एकदाच, आणि कर्जदाराची स्पष्ट संमती घेऊन. नियम चांगला आहे. पण तो येण्याआधी त्या अलाऊच्या बटणावर कितीतरी घरं मोडली. मामांचा नंबर मामांनी कर्जवाल्याला दिला नव्हता, तो भाच्याच्या फोनमधून गेला. माझ्या फोनमध्ये माझ्याबरोबर माझे शे-दोनशे लोक राहतात. मी परवानगी देतो ती त्यांच्या वतीनेही देतो, त्यांना न विचारता. म्हणून ‘माझी माहिती, मी बघून घेईन’ हे म्हणणं आम्हाला मान्य नाही.

नव्या वस्तूंच्या बातम्याही आम्ही याच नजरेने वाचतो. टीव्ही स्वस्त झाला की आपण खूश होतो. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून घरोघरी कोण काय बघतं याची सेकंदासेकंदाची नोंद लोकांना न सांगता गोळा केली आणि विकली. २०१७ मध्ये तिने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तिथल्याच रिंग कंपनीच्या कॅमेऱ्यांचं प्रकरण २०२३ मधलं. लोकांनी चोरापासून राखण म्हणून घरात बसवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रफीत कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने पाहता येत होती, आणि एका कर्मचाऱ्याने बायकांच्या झोपण्याच्या खोल्यांतल्या हजारो चित्रफिती पाहिल्या, असं तिथल्या व्यापार आयोगाने म्हटलं. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केलं: संगणक दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार, म्हणजे आपल्याला मागचं शोधता येईल. सुरक्षेच्या जाणकारांनी इतका आवाज उठवला की महिन्याभरात ते लांबणीवर टाकावं लागलं, आणि पुढे आलं ते वापरणाऱ्याने स्वतःहून सुरू केलं तरच चालेल अशा रूपात.

तिन्ही बातम्यांत यंत्र नीटच चालत होतं. बिघाड कशातच नव्हता. म्हणून ‘आमचं प्रॉडक्ट सुरक्षित आहे’ हे उत्तर आम्हाला पुरत नाही. कुलूप किती मजबूत आहे हे नंतर पाहू. मुळात आमची वस्तू तुमच्या कपाटात कशाला, ते आधी सांगा.

आम्ही यंत्रांच्या विरोधात नाही. भाजीवालीच्या गाडीवरचा यूपीआयचा कोड ही चांगली गोष्ट आहे, सुट्ट्यांची कटकट गेली. पण अनेकांचा यूपीआय आयडी म्हणजे त्यांचा मोबाइल नंबरच असतो, आणि तो पैसे घेणाऱ्याच्या हाती जातो. नंबर न दाखवणारा आयडी बनवण्याची सोय बहुतेक ॲपांत आहे. ती मेनूच्या चौथ्या पडद्यामागे का ठेवली, हे आम्ही त्यांना विचारणार.

‘आपल्याला लपवण्यासारखं काय आहे?’ हे वाक्य आमच्या सभांत येणारच, म्हणून उत्तर इथेच लिहून ठेवतो. २०१७ साली उत्तर प्रदेशातून बातमी आली, की रिचार्ज करून देणारी काही दुकानं मुलींचे नंबर विकत होती, आणि भाव मुलीच्या दिसण्यावरून ठरत होता. त्या मुलींनी काय लपवलं होतं? त्या फक्त रिचार्ज करायला गेल्या होत्या. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या बाईला विचारा, नवा पत्ता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटला तर काय होतं. एचआयव्हीची गोळी घेणाऱ्या माणसाला विचारा, की औषधाच्या दुकानात नंबराशी जोडलेली खरेदीची यादी त्याला कशी वाटते. ज्याला आज काही लपवायचं नाही, त्याचं नशीब चांगलं आहे इतकंच. कायदे आणि रीती त्याच्या नशिबावर बेतायच्या नसतात.

खासगीपणाचा हा हक्क आम्ही कोणाकडून उसना आणलेला नाही. खडक सिंग हा उत्तर प्रदेशातला माणूस दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्री-बेरात्री त्याचं दार ठोठावत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाणं बेकायदा ठरवलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही म्हटलं. ते म्हणणं पुसायला ५५ वर्षं लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ऐंशी ओलांडल्यावर आधारविरुद्ध न्यायालयात गेले. त्यातून नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे शरद बोबडे होते. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असं सांगणारा जबलपूर खटल्याचा निकालही चंद्रचूडांच्या निकालपत्राने रद्द ठरवला. तो निकाल देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. मराठी वाचकाने हे पान अभिमानाने जपावं असं आहे.

खासगीपणाच्या या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्ष मिळालं. या कायद्यातलं चांगलं आम्ही चांगलं म्हणतो. संमती मुक्त आणि नेमक्या कारणापुरती असली पाहिजे, आणि दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्टची यादी मागितली आणि बाईने हो म्हटलं, तरी ती संमती फक्त वैद्यकीय सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ल्यासाठी त्या यादीची गरजच नाही. आमची सगळी मागणी या एका उदाहरणात आली. शिवाय संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येते. म्हणजे ती मराठीत मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, गोव्यातल्या माणसाला कोकणीत. ती भाषा घरात कळेल अशी हवी, न्यायालयीन अनुवादाची नको.

वाईट तेही सांगतो. सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. सर्वांत जास्त माहिती ज्याच्याकडे, त्यालाच पळवाट. माहिती फुटली तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला छदामही नाही, उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३ अ हे कलमच काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे.

आणि एक गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त खुपते. या कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातलं ८(१)(जे) हे कलम बदललं. पूर्वी अधिकाऱ्याला वैयक्तिक माहिती म्हणून कागद नाकारायचा असेल, तर त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे बघावं लागे. आता ‘वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणणं पुरतं. सरकार सांगतं, की जनहितासाठी माहिती देता येईल असं दुसरं कलम आहे. आहे, पण ते वापरायचं की नाही हे ज्याच्याकडे कागद आहे तोच ठरवणार. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची बोगस नावं, आश्रमशाळेच्या खरेदीची बिलं, खोट्या जातप्रमाणपत्रावर नोकरीला लागलेला साहेब, हे सगळं नावांसकटच बाहेर येतं. नावं झाकली की भ्रष्टाचार झाकला. महाराष्ट्राने देशाच्या आधी, २००२ सालचा, स्वतःचा माहिती अधिकार कायदा मिळवला होता. त्यासाठी या राज्यात उपोषणं झाली. आमच्या हक्काचं नाव घेऊन तो मिळवलेला अधिकार बोथट करण्याला आमचा ठाम विरोध आहे. नागरिकाचं घर बंद राहू द्या, सरकारी कपाट उघडं ठेवा. जुनं कलम जसंच्या तसं परत आणा.

हे सगळं घडवून आणता येतं का? येतं. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या खासगीपणा धोरणाची नवी अट घातली, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे निघाले, तसा मुहूर्त मेपर्यंत लांबला, आणि मेमध्ये कंपनीला सांगावं लागलं की मान्य न करणाऱ्यांचं खातं बंद होणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने याच प्रकरणात व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने आदेश काढला, की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीपासून घालून द्यायचं. चोरीचा फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं. पण न विचारता प्रत्येकाच्या खिशात? आदेशाची बातमी फुटली, देशभर ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. आवाज उठवणाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, की सक्ती कशाला.

आमचं काम काय असेल? काउंटरवर नंबर मागितला की शांतपणे विचारायचं, ‘कारण?’ काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवायचा नाही, तिची नोकरी आहे. तक्रार मॅनेजरकडे आणि लेखी. मुलांच्या शाळेत पालकसभेत विचारायचं, की मुलांचे फोटो आणि पत्ते कोणत्या ॲपवर जातात. वाचनालयात, बचत गटाच्या बैठकीत, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एक तास बसून प्रत्येकाच्या फोनमधल्या परवानग्या एकेक करून बंद करायच्या. टॉर्चच्या ॲपला लोकेशन लागत नाही, कॅलेंडरला माइक लागत नाही, हे आजी-आजोबांना हातात फोन देऊन दाखवायचं. जी कंपनी मराठीत सूचना देणार नाही तिला मराठीत पत्र लिहायचं, आणि उत्तर आलं नाही तर कायद्याने दिलेल्या डेटा संरक्षण मंडळाच्या दारात जायचं.

सभासद होण्यासाठी फॉर्म नाही. आम्ही कोणाचा नंबर घेणार नाही, यादी ठेवणार नाही, वर्गणी रोख घेऊ आणि हिशेब गावातल्या वाचनालयाच्या फलकावर लावू. जो प्रश्न विचारतो तो सभासद.

सुरुवात घराजवळून. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. आपल्या सोसायटीच्या सचिवांना आजच लेखी कळवा की पुढचा ठराव विषयपत्रिकेत घ्यावा. मसुदा सर्वांसाठी खुला आहे, हवा तसा बदला:

‘ही सभा ठरवते की गेटवरील नोंदवहीत पाहुण्याचे नाव, सदनिका क्रमांक आणि वेळ एवढेच लिहिले जाईल, मोबाइल क्रमांक व फोटो घेतला जाणार नाही. एका पाहुण्याची नोंद दुसऱ्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली जाईल. घरकाम करणाऱ्यांच्या येण्याजाण्याची नोंद त्यांच्याशी संबंधित घराव्यतिरिक्त कोणालाही दाखवली जाणार नाही आणि त्यांना गुण देण्याची पद्धत बंद केली जाईल. तीन महिन्यांहून जुन्या नोंदी व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांसमक्ष नष्ट केल्या जातील. ॲप पुरवणाऱ्या कंपनीशी झालेला करार पुढील सभेत सर्व सभासदांपुढे मराठीत वाचून दाखवला जाईल.’